केळीच्या केकवर मेपलचं ग्लेझ (आणि सासूबाईंचं नाक)

एप्रिलच्या शेवटी दीर शेतातून केळीचे दोन घड टाकून गेले. टाकून गेले म्हणजे खरंच ओट्यावर टाकले आणि "घ्या वहिनी, खा नाहीतर वाटा, भाव काही नाही" असं म्हणून चहासुद्धा न घेता निघून गेले. शेत चोपड्याकडे, आम्ही जळगावात, त्यामुळे भाव पडला की आमच्या ओट्याला लगेच कळतं. एक घड गल्लीत वाटला, शिकरण झालं, पोरांना दुधात घालून झालं, तरी तीन फण्या उरल्याच आणि त्या उन्हात चार दिवसांत अशा काळ्या पडल्या की आता केकशिवाय त्यांचं काही होणारच नव्हतं.

केक मला येतो. बनाना केकला येण्यासारखं आहे तरी काय, तीन काळी केळी कुस्करायची, त्यात पाऊण वाटी तेल, वाटीभर गूळ किंवा साखर, दीड वाटी कणीक (मी मैदा घालत नाही, वाद नको), चमचाभर बेकिंग सोडा, थोडं दही, आणि ओटीजीमध्ये १७० वर पाऊण तास. मध्ये लाईट गेली तर देव आठवायचा. पण या वेळी पोरगी म्हणाली मम्मी नुसता तपकिरी ठोकळा नको, वरून ते चकचकीत ओघळलेलं असतं ना तसं कर. आता मला आठवलं की नणंदबाई दिवाळीत आल्या तेव्हा मेपल सिरपची, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेल्या पाकाची, अर्ध्या लिटरची बाटली देऊन गेल्या होत्या, त्या टोरांटोजवळ राहतात, आणि ती बाटली फ्रिजच्या दारात लोणच्याच्या मागे सहा महिने तशीच उभी होती. एकदा घावनावर घालून बघितलं होतं, सगळ्यांनी "हं, गोड आहे" म्हटलं आणि विषय संपला.

तर हे पोस्ट त्या ग्लेझबद्दल आहे. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी ते तीनदा बिघडवलं, म्हणून लिहितेय.

आधी साहित्य सांगते. एक कप आयसिंग शुगर, वजन केलं तर १२० ग्रॅमच्या आसपास. पाव कप मेपल सिरप म्हणजे ६० मिली. एक मोठा चमचा लोणी, मी अमूलचं खारं बटर वापरते त्यामुळे वेगळं मीठ घालत नाही, सफेद लोणी असेल तर चिमूटभर मीठ घालाच, मीठ नसलं तर नुसती साखर खाल्ल्यासारखं लागतं. दूध बाजूला ठेवायचं, लागलंच तर चमचाभर. बास. व्हॅनिला वगैरे घालू नका, एवढं लांबून आलेलं सिरप आणि त्यावर व्हॅनिलाचा वास मारायचा म्हणजे वांग्याच्या भरितात पनीर घालण्यासारखं आहे.

कृती अशी की छोट्या पातेल्यात मंद गॅसवर बटर आणि सिरप एकत्र करायचं, बटर विरघळलं की गॅस बंद. उकळायचं नाही, हे महत्त्वाचं. मी पहिल्यांदा उकळलं, आपल्याला सवय ना, पाक म्हटलं की उकळी आलीच पाहिजे. पण मेपल सिरप आधीच पाकच असतो, तो आणखी उकळला तर घट्ट होत जातो आणि मग साखर घातल्यावर ग्लेझ न होता चिक्कीकडे प्रवास सुरू होतो, माझ्या पातेल्यात तेच झालं, चमचा उभा राहिला. तर गॅस बंद करून, दोन मिनिटं थांबून, आयसिंग शुगर चाळून त्यात घालायची आणि हाताने फेटायचं. चाळून म्हणजे खरंच चाळून, गुठळ्या राहिल्या तर त्या नंतर फेटून जात नाहीत, आणि केकवर पांढरे ठिपके दिसतात, गोवर आल्यासारखे.

किती पातळ? आपल्या भाषेत सांगायचं तर जिलेबीच्या पिठापेक्षा किंचित सैल. चमचा वर उचलला की पट्ट्यासारखं पडलं पाहिजे आणि तो पट्टा भांड्यात आठ-दहा अंक मोजेपर्यंत दिसून मग मिसळून गेला पाहिजे. लगेच गायब झाला तर पातळ आहे, दोन चमचे साखर आणखी घाला. तसाच बसून राहिला तर अर्धा चमचा दूध. अर्धा चमचा म्हणतेय मी, पोरीने "थोडंसं" म्हणून पळीभर ओतलं होतं आणि मग साखर घालत घालत आम्ही दोन केकांचं ग्लेझ करून बसलो.

दुसरी चूक आयसिंग शुगरची. घरात नव्हती, कोण आता एवढ्या उन्हात बाहेर जाणार म्हणून मी साखर मिक्सरला लावली. पिठीसाखर आणि आयसिंग शुगर एकच असं आपण धरून चालतो पण विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर घातलेलं असतं, त्याने ती गुठळत नाही आणि ग्लेझला जरा अंग येतं. घरची पिठीसाखर घातली तर दातांखाली कचकच येते आणि ग्लेझ पाणचट राहतं. करायचीच असेल घरी तर वाटीभर साखरेला एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून दोन-तीनदा फिरवा आणि बारीक चाळणीने चाळा. रव्याच्या चाळणीने नाही, मैद्याच्या.

तिसरी चूक मात्र माझी नाही, जळगावची आहे.

केक बाहेर काढला, दहा मिनिटं थांबले, ग्लेझ ओतलं. छान ओघळलं. ओघळतच राहिलं. अर्ध्या तासाने बघते तर सगळं ग्लेझ खाली ताटात आणि केक वरून आंघोळ करून टॉवेल न मिळालेल्या माणसासारखा. बाहेर ४४ होतं, स्वयंपाकघरात ओटीजी चालू होता त्यामुळे आत किती असेल ते विचारूच नका. परदेशी व्हिडिओमध्ये ती बाई म्हणते केक रूम टेंपरेचरला येऊ द्या, अगं बाई तुझं रूम टेंपरेचर २० आहे, आमच्याकडे रूम टेंपरेचरला लोणी आपोआप तूप व्हायला निघतं. आणि कारण तेच आहे, बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, ग्लेझला बसवणारं बटर आणि साखर, त्यातलं बटरच जर कायम वितळलेलं तर ते बसणार कसं. म्हणून खानदेशात एप्रिल-मे मध्ये हे करायचं तर बटर अर्धं करा नाहीतर सरळ काढून टाका, आयसिंग शुगर दोन-तीन चमचे जास्त घाला, केक पूर्ण गार करून वर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग ग्लेझ घाला आणि परत फ्रिजमध्ये. थंडीत यातलं काही लागत नाही. आणि पावसाळ्यात वेगळाच त्रास, साखर हवेतलं पाणी ओढते त्यामुळे बसलेलं ग्लेझ संध्याकाळपर्यंत चिकट होतं, तेव्हा खायच्या आधी तासभर घातलेलं बरं.

तूप घालून पण बघितलं एकदा. शिऱ्यासारखं लागतं. वाईट नाही, पण मग शिराच करा ना.

आता खरी गोष्ट. चौथ्यांदा ग्लेझ जमलं, मी पातेल्यात फेटत होते आणि सासूबाई आतल्या खोलीतून उठून आल्या. त्यांची अहिराणी, मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली, लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मला समजते सगळी पण बोलायला गेले की घरात सगळे हसतात. त्या येऊन आधी म्हणाल्या, "साखरवर साखर कसाले वं माय?" मग पातेल्यावर वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "हाऊ ते मेथीना वास शे."

मी म्हटलं नाही हो आई, हे झाडाचं असतं, कॅनडातलं झाड, ताईंनी आणलेलं. त्या म्हणाल्या मला शिकवू नको, मेथी आहे. मी बाटली दाखवली, मेपलचं पान दाखवलं, त्यांनी चष्मा न लावता ते बघितलं आणि "मेथीच" म्हणून परत जाऊन पडल्या.

रात्री मी शोधलं. आणि सासूबाई बरोबर निघाल्या, म्हणजे पूर्ण नाही पण बऱ्याच बरोबर. मेथीच्या दाण्यात सोटोलॉन नावाचा एक पदार्थ असतो, तोच मेपल सिरपमध्येही सापडतो, तो कमी प्रमाणात असला की वास येतो जळक्या साखरेचा, मेपलचा, आणि जास्त असला की मेथीचा, मसाल्याचा. बाजारात जे नकली मेपल फ्लेवर मिळतं ते करायला मेथीचा अर्क वापरतात. आणि याहून भारी गोष्ट म्हणजे २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून अचानक सगळीकडे मेपल सिरपचा वास पसरायचा, लोक घाबरून फोन करायचे की हवेत काहीतरी सोडलंय कुणीतरी, चार वर्षं कुणाला पत्ता लागेना, आणि शेवटी २००९ मध्ये महापौरांनी जाहीर केलं की शेजारच्या न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया करतात, वारा तिकडून आला की वास येतो. चार वर्षं! सासूबाईंना नेलं असतं तर चार मिनिटांत झालं असतं.

मला आणखी एक आठवलं आणि मी रात्री एकटीच हसत बसले. पोरगी झाली तेव्हा सासूबाईंनी मला दीड महिना डिंक-मेथीचे लाडू खायला घातले होते, सकाळी एक, संध्याकाळी एक, सुटका नाही. तेव्हा अंगाला, कपड्यांना, घामाला एक विचित्र गोडसर वास यायचा, मला वाटायचं माझं काहीतरी बिघडलंय. मेथी खाल्ली की असं होतं म्हणे, घामाला मेपल सिरपसारखा वास येतो. म्हणजे कॅनडाची बाटली घरात यायच्या आधी तेरा वर्षं मी स्वतःच मेपल होऊन बसले होते आणि कुणाला माहीत नव्हतं.

बाटलीचं सांगायचं राहिलं. खऱ्या मेपल सिरपच्या लेबलवर घटक म्हणून एकच गोष्ट लिहिलेली असते, मेपल सिरप. बाटली संपल्यावर मी इथल्या एका मोठ्या दुकानातून एक बाटली आणली, पान तेच, रंग तोच, किंमत बरीच कमी, मला वाटलं लॉटरी लागली, आणि घरी येऊन मागे वाचते तर ग्लुकोज सिरप, साखर, रंग आणि मेपल फ्लेवर. पुढे बारीक अक्षरात पॅनकेक सिरप लिहिलेलं. चूक माझीच, चष्मा पर्समध्ये होता. त्याचंही ग्लेझ होतं, दिसतं अगदी तसंच, चव मात्र रंगीत साखरेची. खऱ्या सिरपच्या बाटलीवर गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क असं लिहिलेलं असतं, ते चांगलं-वाईट नाही, सगळंच ग्रेड ए असतं, फक्त रंग आणि चव गडद होत जाते. पोळी-पॅनकेकवर वरून घालायला फिकं चालतं पण ग्लेझला डार्क घ्या, कारण एवढ्या साखरेत फिकं सिरप हरवून जातं. आणि उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवायची, मधासारखी बाहेर ठेवली तर बुरशी येते.

ते महाग का असतं हेही त्या रात्री वाचलं, एकदा झोप उडाली की मी वाचतच जाते. मेपलच्या खोडाला बारीक भोक पाडून रस काढतात, म्हणजे आपल्याकडे ताडी काढतात त्याच्या नात्यातलंच काहीतरी, पण तो रस जवळजवळ पाणीच, साखर दोन टक्क्यांच्या आसपास. एक लिटर सिरपला साधारण ४० लिटर रस लागतो. ४० लिटर म्हणजे आपले पाण्याचे दोन जार हो! लग्नात मांडवात ठेवतो ते. दोन जार आटवायचे आणि हातात एक बाटली. पाण्याच्या उकळीपेक्षा ४ डिग्री वर म्हणजे १०४ ला आला की झाला, आपला एकतारी पाक यायला लागतो तिथंच कुठंतरी. आणि हा रस येतो कधी तर हिवाळा संपताना, फेब्रुवारी अखेर ते एप्रिल, रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर असं असेल तरच झाड रस सोडतं, कळ्या फुटल्या की चव जाते आणि हंगाम संपला. म्हणजे जो हंगाम तिकडे सिरपचा तोच आपल्याकडे पापड-बिबड्यांचा, दोघांचं सगळं हवेवर अवलंबून.

हे मी दिरांना सांगितलं, पुढच्या खेपेला आले तेव्हा, केक पुढे ठेवून. जगातलं जवळपास ७० टक्के मेपल सिरप कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात होतं आणि तिथल्या उत्पादकांनी मिळून सिरपचा मोठा साठा करून ठेवलाय, पीक जास्त आलं की पिंपात भरून ठेवायचं आणि कमी आलं की काढायचं, म्हणजे भाव कोसळत नाही. २०११-१२ मध्ये त्या साठ्यातून चोरी पण झाली होती, सुमारे तीन हजार टन सिरप, चोरांनी पिंपं रिकामी करून काहींत चक्क पाणी भरून ठेवलेलं, १८ मिलियन कॅनेडियन डॉलरच्या वर माल. मी हे चोरीसाठी सांगत होते, मला चोरी भारी वाटली होती. दिरांचं लक्ष पहिल्याच वाक्यावर अडकलं. म्हणाले, "वहिनी, म्हणजे त्यांचं टिकतं." मग थोडा वेळ केक खाल्ला. मग म्हणाले, "केळी कापली की मोजून दिवस असतात आपल्या हातात. व्यापाऱ्यालापण माहीत असतं ते." जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं तेव्हा दिरांनी पेढे वाटले होते. त्यांना केकचा दुसरा तुकडा दिला, त्यांनी तो घेतला, एवढंच माझ्या हातात होतं.

असो. ग्लेझकडे या.

सिरप संपल्यावर आणि त्या नकली बाटलीने फसवल्यावर मी म्हटलं सासूबाईंचं नाक खरं असेल तर उलट्या बाजूने जाऊन बघू. बचत गटाच्या प्रदर्शनातून आणलेली काकवी होती घरात. अर्धा चमचा मेथीदाणे कोरडेच मंद भाजले, अगदी जरासा रंग बदलेपर्यंत, काळे होऊ द्यायचे नाहीत नाहीतर कडू जहर, जाडसर ठेचले, आणि पाव कप काकवी कोमट करून त्यात दहा मिनिटं टाकून ठेवले. मग गाळलं. पहिल्या वेळी मी अर्धा तास ठेवलं होतं, बनाना केकवर मेथीच्या भाजीचं ग्लेझ झालं, नवऱ्याने न बोलता चहात बुडवून खाल्लं. दहा मिनिटं म्हणजे दहाच. काकवी गडद असते, म्हणून त्यात चमचाभर मध आणि चमचाभर पाणी घालते, बाकी बटर, आयसिंग शुगर सगळं वर सांगितलं तसंच. मेपल होतं का? नाही. काकवीचा खारट-उसाळ स्वाद मागे राहतोच. पण डोळे मिटून खाल्लं तर मेपलच्या गल्लीत आहोत एवढं नक्की वाटतं, आणि खरं सांगू का, केळीच्या केकवर मला हेच जास्त आवडलं, कारण केळी आणि गूळ ही जोडी आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेली आहे.

आणखी कशाकशावर घातलं तेही सांगते. नानकटाईवर घालू नका, दिवाळीत आपण भट्टीवर रवा-मैदा-तूप देऊन डबे भरून आणतो ना, त्यातल्या चार नानकटायांवर घातलं, गोडावर गोड, शिवाय नानकटाई मऊ पडते. साध्या पावावर बरं लागतं. पण कमाल झाली खारीवर. संध्याकाळच्या चहाची खारी, साधी, बेकरीतली, तिच्यावर ग्लेझच्या बारीक रेघा ओढल्या आणि पंख्याखाली ठेवली, खालून खारट खुसखुशीत वरून गोड. पोरांनी अर्धा किलो खारी एका बैठकीत संपवली. ग्लेझ घट्ट ठेवायचं मात्र, पातळ असलं तर खारीचे पदर ते पिऊन टाकतात आणि चामट होतात.

परवा परत काकवी-मेथीवालं केलं. मुद्दाम सांगितलं नाही कशाचं आहे. सासूबाईंनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, केकची एक चकती बशीत घेऊन आत गेल्या. पाच मिनिटांनी आतून आवाज आला.

"आखो शे का?" (अजून आहे का?)